अर्धेलीचे जनावर : व्यवहार आणि विश्वास

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा शिक्षणावर बोलावे की हुंड्यावर, असा प्रश्न साहजिकच उभा राहिला. त्या विषयांवर या व्यासपीठावरून आजवर पुष्कळ बोलले गेले आहे व पुढेही बोलले जाईल. परंतु गाईम्हशींच्या जिवावर जगलेल्या व वाढलेल्या आपल्या गवळी समाजात एक व्यवहार असा आहे की, तो घरोघर चालतो, त्यावरून घरोघर तंटे होतात, आणि तरीही त्याविषयी सभेत कोणी उच्चार करीत नाही. एकाच्या मालकीचे जनावर दुसऱ्याने सांभाळावयाचे, हा तो व्यवहार होय. यास कोणी अर्धेल म्हणतात, कोणी अर्धलीने देणे म्हणतात, कोठे वाट्याने तर कोठे बटाईने देणे म्हणतात. नावे निराळी, परंतु मर्म एकच : जनावर एकाचे आणि दावण दुसऱ्याची.

हा व्यवहार जुना आहे म्हणून आता संपत आला असेल, असे कोणी समजू नये. २०१९ साली झालेल्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गाईबैल व ५६ लाख म्हशी मोजल्या गेल्या. या जनावरांपैकी जी ज्याच्या गोठ्यात उभी आहेत ती सर्व त्याचीच आहेत, असे मुळीच नाही. आपल्यांतील पुष्कळ कुटुंबे नोकरीधंद्यानिमित्त मुंबई-पुण्यास स्थायिक झाली. त्यांची गावाकडील जनावरे चुलत्याच्या, मेव्हण्याच्या अगर शेजाऱ्याच्या दावणीला आहेत. उलट शहरात गोठा चालविणारे आपले बंधू भाकड म्हैस गावी धाडतात व ती व्याली म्हणजे परत आणतात. म्हणजे आज येथे बसलेल्यांत निम्मे मालक असतील तर निम्मे सांभाळणारे असतील. दोघेही ज्ञातीचेच, म्हणून आम्ही आज कोणा एकाचे वकीलपत्र घेऊन उभे नाही.

प्रथम या व्यवहाराचे प्रकार नीट वेगळे करून पाहू. कारण पुष्कळ भांडणांचे मूळ हेच असते की, मालकाच्या मनात एक प्रकार असतो आणि सांभाळणाऱ्याच्या मनात दुसरा.

पहिला प्रकार मजुरीचा. गावचा गुराखी सकाळी गुरे सोडतो, रानात चारतो व संध्याकाळी ज्याची त्यास पोचवितो. त्याला दर जनावरामागे ठरलेले पैसे अगर सुगीला धान्य मिळते. जनावराच्या दुधात वा वाढीत त्याचा वाटा नसतो. दुसरा प्रकार पोसणावळीचा. भाकड म्हैस काही महिने सांभाळावयाची, वैरणपाणी व देखभाल यांचा दरमहा आकार घ्यावयाचा आणि ती व्यावयास आली म्हणजे मालकाच्या स्वाधीन करावयाची. तिसरा प्रकार दुभत्याचा. मालकाने दुभते जनावर द्यावयाचे. सांभाळणाऱ्याने चारापाणी करावयाचे, दूध व शेण त्याने घ्यावयाचे, आणि मालकास ठरलेली रक्कम, ठरलेले तूप अगर पुढचे वासरू द्यावयाचे. चौथा प्रकार खऱ्या अर्धेलीचा. मालकाने वगार अगर कालवड द्यावयाची. दुसऱ्याने ती आपल्या वैरणीवर व आपल्या कष्टावर वाढवावयाची. आणि ती व्याली म्हणजे पंचांसमक्ष किंमत करून निम्मी रक्कम एकाने दुसऱ्यास देऊन जनावर ठेवून घ्यावयाचे. शेळ्यांच्या बाबतीत बहुधा शेळी मालकाची राहते व करडे वाटून घेतात. गावोगावी यात थोडाफार फरक आढळतो, परंतु चौकट हीच.

हे सर्व आपल्या आज्या-पणज्यांनी बसविले, अशी आपली समजूत असते. वस्तुतः हा विचार त्याहून फार प्राचीन आहे. कौटिल्याचे अर्थशास्त्र म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केले. त्यात गोऽध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक संपूर्ण प्रकरण आहे आणि कळप सांभाळावयास देण्याच्या रीती तेथे एकेक करून सांगितल्या आहेत. एक रीत रोख वेतनाची. गोपाळ, धार काढणारा, ताक घुसळणारा इत्यादी माणसांनी शंभर-शंभर जनावरे सांभाळावीत व वेतन रोख घ्यावे. त्यांना वेतनादाखल दूधतूप देऊ नये, कारण मग ते वासरांना उपाशी मारतील, असे कारण ग्रंथकाराने दिले आहे. दुसरी रीत मक्त्याची. म्हाताऱ्या, दुभत्या, गाभण इत्यादी सर्व तऱ्हेच्या गाई समप्रमाणात असलेला शंभरांचा कळप एकाने घ्यावा आणि वर्षाला ८ वारक तूप, दर जनावरामागे १ पण व मेलेल्या जनावराचे खुणेचे कातडे मालकास द्यावे. वारक हे त्या काळचे माप होय. रोगी, लंगड्या व अवघड गाईंसाठी निराळी रीत सांगितली आहे. परचक्राच्या वा रानटी टोळ्यांच्या भीतीने कोणी आपली जनावरे राजाच्या कळपात आणून सोडली, तर उत्पन्नाचा दहावा हिस्सा संरक्षणाबद्दल घ्यावा, असेही तेथे आहे. जनावराची खूण, रंग व शिंगांची ठेवण नोंदवून ठेवावी, हा नियमदेखील तेथे सापडतो.

स्मृतिकारांनी तर मालक व गोपाळ यांच्यातील तंटा हे अठरा विवादपदांपैकी एक स्वतंत्र पद मानले. दिवसा जबाबदारी गोपाळाची व रात्री, जनावर मालकाच्या घरी असल्यास, मालकाची, ही वाटणी मनुस्मृतीत आहे. गोपाळाच्या निष्काळजीपणाने जनावर दगावले तर त्याने भरून द्यावे. चोरांनी उघड हल्ला करून नेले व त्याने वेळीच वर्दी दिली तर त्याच्यावर दोष नाही. मेलेल्या जनावराची खूण त्याने मालकास दाखवावी, असे हे नियम आहेत. नारदस्मृतीत शंभर गाईंच्या राखणीबद्दल वर्षाला एक कालवड व दोनशेंबद्दल एक दुभती गाय, असे वेतन दिले आहे. जुन्या ग्रंथांतील सर्वच गोष्टी आज शिरोधार्य मानाव्यात, असे आमचे म्हणणे नाही. परंतु एवढे खरे की, मालकाचा हक्क, राखणाऱ्याचे वेतन आणि वासराचा जीव, या तीन गोष्टींचा मेळ घातल्यावाचून हा व्यवहार टिकत नाही, हे आपल्या पूर्वजांस पक्के ठाऊक होते.

आता आजचा कायदा काय सांगतो, तो पाहू. १८७२ चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्यात दुसऱ्याची वस्तू सांभाळावयास घेण्याविषयी १४८ व्या कलमापासून पुढे नियम आहेत, व जनावरही त्यांतच मोडते. सांभाळणाऱ्याने शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तितकी काळजी घेतली पाहिजे, असे १५१ वे कलम म्हणते. तेवढी काळजी घेऊनही जनावर दगावले तर, निराळा करार नसल्यास, तो नुकसानीस जबाबदार नाही, असे १५२ वे कलम म्हणते. म्हणजे वीज पडून अगर रोगाने म्हैस मेली म्हणून तिची किंमत सांभाळणाऱ्याच्या बोडक्यावर बसविण्याचा मालकास हक्क नाही. उलट, देणाऱ्याने वस्तूतील ठाऊक असलेला दोष सांगितला पाहिजे, असे १५० व्या कलमात आहे. मारकी म्हैस मारकी आहे हे न सांगता दिली व तिने सांभाळणाऱ्याला जायबंदी केले, तर ती जबाबदारी मालकाची.

परंतु सर्वांत महत्त्वाचे कलम १६३ वे होय, आणि याकडे सर्वांनी लक्ष द्यावे अशी आमची विनंती आहे. सांभाळावयास दिलेल्या वस्तूत जी वाढ होईल, ती विरुद्ध करार नसल्यास मूळ मालकास परत करावी, असे ते कलम सांगते. त्याखाली कायद्याने जे उदाहरण दिले आहे, ते गाईचेच आहे : सांभाळावयास दिलेली गाय व्याली, तर गाईबरोबर वासरूही मालकास द्यावे लागेल. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. अर्धेलीत सांभाळणाऱ्याचा जो निम्मा वाटा आपण गृहीत धरतो, तो कायद्याने आपोआप येत नाही. तो केवळ दोघांत झालेल्या करारामुळे येतो. तोंडी करारही करारच आहे, हे खरे. तथापि मालक उद्या वारला, त्याच्या मुलांनी गावचे तोंडही पाहिलेले नसले आणि त्यांनी म्हैस रेडकासह मागितली, तर तीन-चार वर्षे शेणघाण काढणाऱ्या माणसाने आपला वाटा कशाच्या आधारे सिद्ध करावा? साक्षीदार असले तर ठीक. नसले तर बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. म्हणून लेखाची गरज मालकापेक्षा सांभाळणाऱ्यास अधिक आहे, आणि नेमका तोच भिडेपोटी लेख मागत नाही.

मालकाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. अर्धेलीचे जनावर सांभाळणाऱ्याने मालकास न विचारता बाजारात विकले, तर तो नुसता घरगुती अपराध नव्हे. विश्वासाने सोपविलेल्या मालमत्तेचा अपहार हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या ३१६ व्या कलमाखाली गुन्हा आहे. अडचण सर्वांनाच येते. पण अडचणीत दुसऱ्याचे दावे सोडून नेणे, हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता हिशेबाकडे वळू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. बाजारभाव ज्याने त्याने आपल्या गावचा घालावा. समजा, एक वर्षाची वगार १५,००० रुपये किमतीची ठरवून अर्धेलीने दिली. आपल्याकडील म्हैस पहिल्या वेतास साधारण साडेतीन-चार वर्षांची होते. म्हणजे सांभाळणाऱ्याने ती सुमारे ३ वर्षे पोसली. व्याल्यावर तिची किंमत ९०,००० रुपये झाली. आता वाटणी कशाची? एका रीतीने सबंध किमतीचे दोन भाग, म्हणजे प्रत्येकी ४५,००० रुपये. दुसऱ्या रीतीने मूळचे १५,००० रुपये मालकाचे बाजूस काढावयाचे व वाढलेल्या ७५,००० रुपयांचे दोन भाग करावयाचे. म्हणजे सांभाळणाऱ्यास ३७,५०० व मालकास ५२,५०० रुपये. दोन्ही रीती चालतात, दोन्हींना लोक अर्धेलच म्हणतात, आणि दोहोंत ७,५०० रुपयांचे अंतर आहे. कोणती रीत धरावयाची, हे वगारीचे दावे हातात देताना ठरले नसेल, तर म्हैस व्याली त्या दिवशी भांडण ठेवलेलेच.

यापुढचा हिशेब अधिक कटू आहे. ३ वर्षांचे दिवस होतात १,०९५. सांभाळणाऱ्याने वैरण व पेंड विकत आणली आणि दिवसाला सरासरी ५० रुपये जरी खर्च झाला, तरी एकूण ५४,७५० रुपये होतात. त्याच्या वाट्यास तर ३७,५०० किंवा फार तर ४५,००० रुपये येणार. म्हणजे विकतच्या चाऱ्यावर अर्धेल हा सांभाळणाऱ्याचा निव्वळ तोटा आहे. बांधावरचे गवत, शेतातला कडबा व गायरानातील चराई यांच्या बळावर रोजचा रोख खर्च २० रुपयांवर आणला, तर खर्च २१,९०० रुपये होऊन दुसऱ्या रीतीने त्याच्या पदरी १५,६०० रुपये उरतात. दिवसाला सुमारे १४ रुपये! एवढ्यासाठी घरातील एक माणूस पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या जनावराशी बांधलेले असते. निम्म्याचा वाटा आपल्या वडिलांच्या काळी न्याय्य होता, कारण रान मोकळे होते व चारा फुकट होता. आज गायराने आक्रसली, रानात कुंपणे पडली, सरकी पेंडीचे भाव चढले. वाट्याचे प्रमाण मात्र जसेच्या तसे राहिले. हे बदलले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. एक तर पेंडीचा व औषधपाण्याचा खर्च मालकाने सोसावा, नाही तर सांभाळणाऱ्याचा वाटा निम्म्याहून अधिक धरावा. शहरात राहणाऱ्या बंधूंनी हे उपकार म्हणून करू नये, तर हिशेब म्हणून करावे.

भाकड म्हशींच्या पोसणावळीतही असाच विचार हवा. म्हैस आटली की शहरातील गोठ्यात ती जागा अडवते व खाद्य खाते, म्हणून ती गावी जाते. १९४९ साली मुंबईत आरे वसाहत सुरू झाली, तेव्हा गोठे सरकारचे व म्हशी परवानाधारकांच्या, अशी व्यवस्था करण्यात आली. दुसऱ्याच्या जागेत आपले जनावर ठेवण्याचा तोही एक मोठा प्रयोगच होता. परंतु कितीही चांगला गोठा असला, तरी भाकड काळाचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न सुटत नाही. म्हशीचा गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा असतो. धाडताना ती किती महिन्यांची गाभण आहे, हे पशुवैद्याकडून तपासून घेऊन लिहून ठेवावे. अन्यथा ती मुळात गाभण नव्हतीच की वाटेत गाभ गेला, हा वाद कोणालाही सोडविता येत नाही. पोसणावळीचा बराचसा भाग दरमहा द्यावा व काही भाग म्हैस सुखरूप व्याल्यावर द्यावा. म्हणजे सांभाळणाऱ्याची चूल अडत नाही व मालकालाही निश्चिंती राहते.

अलीकडे आणखी एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. हल्ली जनावराच्या कानात १२ अंकी बिल्ला मारतात व त्याची नोंद सरकारी दप्तरात मालकाच्या नावे होते. पूर्वी डाग देत, शिंगे रंगवीत. त्याचेच हे नवे रूप, व ते हिताचेच आहे. परंतु नोंद ज्याच्या नावावर, विम्याची अगर सरकारी मदतीची रक्कमही त्याच्याच नावावर. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ आली. राज्य सरकारने दगावलेल्या दुभत्या गाईमागे ३०,०००, बैलामागे २५,००० व वासरामागे १६,००० रुपये मदत दिली. ज्याने रात्ररात्र जागून त्या गाईच्या अंगावरच्या गाठी धुतल्या, तो अर्धेलवाला असेल तर त्या रकमेत त्याचा वाटा किती? कायद्यात याचे तयार उत्तर नाही. ते दोघांनी आधी ठरवावयास हवे. किंमत वाटून घेण्याचे ठरले आहे, तर किमतीच्या जागी आलेली रक्कमही त्याच प्रमाणात वाटावी, हे आम्हांस न्यायाचे दिसते.

तसेच निरुपयोगी जनावराचे. महाराष्ट्रात गाईची कत्तल १९७६ च्या कायद्याने बंद झाली आणि २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने बैल व वळू यांचीही बंद झाली. तेव्हा अर्धेलीच्या गाईला खोंड झाला, अगर गाय वांझ निघाली, तर तिला शेवटपर्यंत पोसण्याचा भार कोणाचा, हे आरंभीच बोलून घ्यावे. नफा वाटताना दोघे आणि भार उचलताना एकटा, असे होता कामा नये.

यावर उपाय काय? आम्ही वकिली थाटाचा दहा पानी दस्तऐवज सुचवीत नाही. साधी एक वही पुरे. तिच्यात पुढील गोष्टी लिहाव्यात : दोघांची नावे व तारीख, जनावराचा रंग, वय, वेत, शिंगांची ठेवण व बिल्ल्याचा अंक, त्या दिवसाची किंमत, त्यातील ठाऊक असलेली खोड, वैरण, पेंड, औषध व रेतन यांचा खर्च कोणाचा, दूध, चीक, शेण व वासरू कोणाचे, वाटणी सबंध किमतीची की वाढीची, जनावर दगावल्यास कोणी कोणास किती वेळात कळवावयाचे, विमा व मदत यांचा वाटा, कोंडवाड्याचा दंड कोणी भरावयाचा, दोघांपैकी एकजण वारल्यास वारसांनी काय करावयाचे, आणि मुदत. खाली दोघांच्या सह्या व दोन साक्षीदार. प्रत दोघांकडे असावी. जनावराचे दावे धरून दोघांचे एक छायाचित्र हल्ली खिशातील फोनवरही काढता येते, तेही ठेवावे.

किंमत ठरविताना पंचांत मतभेद झाला, तर आपल्याकडील जुनी रीत उत्तम आहे : एकाने किंमत सांगावी व दुसऱ्याने ठरवावे की, त्या किमतीस जनावर घ्यावयाचे की सोडावयाचे. किंमत सांगणारा मग ती फुगवीतही नाही व पाडीतही नाही. कारण ती त्याच्याच अंगावर येऊ शकते.

भगिनींविषयी एक शब्द बोलल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. अर्धेलीचा सौदा पारावर पुरुष करतात. परंतु वैरणीचा भारा, धार, शेणगोठा व आजारी जनावराची जागरणे बहुतेक घरांत बायकांच्या वाट्यास येतात. एखादी विधवा भगिनी तर अर्धेलीच्या एका म्हशीवर आपली मुले शाळेत धाडते. वहीत तिचे नाव सांभाळणारी म्हणून लिहिलेले असावे, दिराचे अगर भावाचे नव्हे; आणि वाटणीचे पैसे तिच्या हातात पडावेत. जिचे कष्ट तिचे नाव, एवढा साधा नियम आपण पाळला, तरी पुष्कळ घरांतील अश्रू थांबतील.

कोणी म्हणेल, भावाभावांत लेख कशाला? लेखाने विश्वास उडतो. आमचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. अविश्वास लेखाने येत नाही. तो विसराने येतो. चार वर्षांपूर्वी काय बोललो, हे दोघांनाही प्रामाणिकपणे निरनिराळे आठवते, आणि मग दोघेही एकमेकांस लबाड समजू लागतात. वही दोघांच्या वतीने आठवण ठेवते, म्हणून ती नात्याची राखण करते.

शेवटी मंडळास आमची नम्र सूचना अशी की, अशा कराराचा एक छापील नमुना सोप्या मराठीत तयार करून पुढील वर्षाच्या स्मरणिकेबरोबर प्रत्येक सभासद कुटुंबास पाठवावा, आणि प्रत्येक तालुक्यात जनावरांची पारख असणाऱ्या तीन जाणत्या माणसांची नावे पंच म्हणून जाहीर करावीत. त्यांत निदान एक भगिनी असावी. यास खर्च फारसा नाही. दुसऱ्याचे जनावर आपल्या दावणीला बांधून घेणे, ही मोठी जोखीम आहे. आणि आपले जनावर दुसऱ्याच्या दावणीला बांधणे, हा मोठा विश्वास आहे. जोखमीला मोल मिळावे व विश्वासाला तडा जाऊ नये, एवढे आपल्या ज्ञातीने साधले तर आजच्या या सभेचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.